मंद आचेवरच्या बरगड्या: थंडीतल्या मटणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मटणाचा विषय निघाला की बोलणे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर आणि सुक्या मटणावर येऊन थांबते. बरगड्यांचे मोठे तुकडे थोडक्या रसात, घट्ट झाकणाखाली, दोन-अडीच तास मंद आचेवर शिजवण्याची पद्धत आपल्याकडे त्या मानाने कमी घरांत दिसते, आणि त्यामुळे ती पहिल्यांदा करणाऱ्यांना ठरावीक ठिकाणी अडायला होते. मार्गशीर्ष-पौषात रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा या पद्धतीने केलेले मटण आणि गरम भाकरी यांच्यासारखे जेवण नाही, असे माझे ठाम मत आहे. पुढील उत्तरांतली सर्व प्रमाणे एक किलो बरगड्यांसाठी आहेत.

परदेशात ‘शॉर्ट रिब्ज’ म्हणून जो पदार्थ करतात, तो हाच का?

तंत्र तेच आहे, जनावर वेगळे आहे. युरोप-अमेरिकेत यासाठी गोमांसाच्या बरगड्या घेतात. हाडाच्या बाजूने एकेक बरगडी सुटी करून किंवा दोन-तीन बरगड्या आडव्या छेदून त्यांचे तुकडे पाडतात. ते मीठ लावून चरबीत लालसर परततात आणि कांदा, गाजर, सेलरी, रेड वाइन व हाडांचे पाणी घालून जाड लोखंडी भांड्यात, झाकण लावून, साधारण १५० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तासांच्या आसपास ठेवतात. मांस तुकड्यांच्या निम्म्या उंचीपर्यंतच रसात बुडालेले असते आणि वरचा भाग वाफेवर शिजतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. बोकडाची बरगडी पातळ असते, तिच्यावर मांसाचा थर कमी असतो आणि चरबीही कमी असते. त्यामुळे आपल्याकडे वेळ कमी लागतो आणि मांस कोरडे पडू नये याची काळजी मात्र जास्त घ्यावी लागते.

मग इथे गोमांस वापरता येईल का?

नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ नुसार राज्यात गायीच्या कत्तलीला पूर्वीपासून बंदी आहे आणि २०१५ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने ती वळू व बैलांनाही लागू झाली. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. जे ते खातात त्यांना हीच पद्धत वापरता येईल. मात्र त्या मांसाचे तंतू जाड असतात आणि जनावर बहुधा वयस्क असते, म्हणून तीन ते साडेतीन तासांची तयारी ठेवावी. पुढची सगळी माहिती बोकडाच्या मटणाची आहे. मेंढ्याचे मटण घेतल्यास चरबी अधिक निघेल, बाकी कृतीत फरक नाही.

खाटकाकडे नेमके काय मागावे?

‘बरगडी द्या’ एवढेच म्हटले तर सवयीप्रमाणे सुपारीएवढे तुकडे करून मिळतात आणि ते या पद्धतीच्या उपयोगाचे नसतात, कारण दोन तासांत त्यांचे मांस हाडावरून निसटून रश्श्यात विरघळते. म्हणून सत्तूर लाकडावर पडण्याआधीच सांगावे: बरगडीचा खालचा, छातीकडचा भाग, म्हणजे सीना, हवा. दोन-दोन बरगड्या एकत्र ठेवाव्यात, तुकडा चार बोटे लांब असावा आणि वरची चरबी काढू नये. पाठीकडचे चाप मऊ असतात आणि लवकर शिजतात. ते तव्यावर भाजण्यासाठी उत्तम, पण येथे त्यांचा काही फायदा नाही. एक किलोत दोन नळ्या टाकून घेतल्या तर रसाला अंग चांगले येते.

आपल्याकडे रविवारी आणि बुधवारी मटणाच्या दुकानांत गर्दी असते आणि गर्दीत असे निगुतीने काम करून मिळणे कठीण. आदल्या दिवशी सांगून ठेवावे किंवा सकाळी लवकर जावे.

तुकडा चांगला आहे हे कसे ओळखावे?

मांस गुलाबी-लाल असावे, काळपट नको. चरबी पांढरी आणि घट्ट असावी. बरगडीचे हाड जितके सपाट व रुंद, तितके जनावर मोठे. फार कोवळ्या बोकडाच्या बरगड्या या पद्धतीसाठी घेऊ नयेत, त्या तासाभरात शिजतात आणि त्यांच्यातून रसाला दाटपणा येण्याइतके काही निघत नाही. एरवी कोवळ्या मटणाचा आग्रह धरणाऱ्याने या एका पदार्थापुरता तो सोडावा.

बरगडीच का? मांडीचे मटण का नको?

मांडीत मांस भरपूर आणि संयोजी ऊतक, म्हणजे मांसाला धरून ठेवणारे चिवट पापुद्रे, त्या मानाने कमी असते. बरगडीत उलट असते: मांसाच्या पातळ थरांमध्ये पांढरट पापुद्रे, हाडाला चिकटलेली पटले, मऊ हाड आणि चरबी अशी सगळी सरमिसळ असते. या पापुद्र्यांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. ते कच्चे असताना चिवट लागते आणि झटपट शिजवले तर आणखी आखडते. पण साधारण ७० अंशांच्या वर, ओलाव्यात, बराच वेळ राहिले की त्याचे हळूहळू जिलेटिन होते. हे जिलेटिन रसात उतरते, रसाला दाट करते आणि खाताना ओठ एकमेकांना किंचित चिकटतात ते त्याच्यामुळेच.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बाकीची सगळी उत्तरे तिच्यावर उभी आहेत. मांसाचे तंतू ६५-७० अंशांच्या पुढे गेले की आपल्यातले पाणी पिळून बाहेर टाकतात, आणि भांड्यात कितीही रस्सा असला तरी ते पाणी तंतूंत परत जात नाही. म्हणजे दोन तास शिजलेले मांस खरे पाहता कोरडेच झालेले असते, आणि ते आपल्याला रसरशीत लागते ते तंतूंच्या मध्ये पसरलेल्या जिलेटिनमुळे आणि चरबीमुळे. मांडीत हे दोन्ही कमी असल्याने तितक्याच वेळात ती भुसभुशीत होते. बरगडीत हे दोन्ही आहे, फक्त ते बाहेर यायला वेळ लागतो. तो वेळ देणे, एवढेच स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती असते.

ताजे मटण आणले की लगेच शिजवावे का?

या पदार्थासाठी लगेच शिजवू नये. जनावर कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि पुढच्या साधारण एका दिवसात पुन्हा सैल होऊ लागतात. आखडलेल्या अवस्थेतले मटण चुलीवर चढवले तर ते शिजायला वेळ लागतो आणि हट्टाने चिवट राहते. सकाळी मटण आणून दुपारी जेवायची आपली रीत रश्श्याला आणि कुकरला चालून जाते. येथे मात्र मीठ लावून, झाकून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी शिजवण्याआधी अर्धा तास बाहेर काढावे.

मीठ आधी लावल्याने मटण निबर होत नाही का?

होत नाही. एक किलोला १२ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे मीठ आदल्या रात्री चोळले तर ते सावकाश आतपर्यंत जाते, तंतूंना पाणी धरून ठेवायला मदत करते आणि मांसाला स्वतःची चव येते. मीठ फक्त रश्श्यात घातले तर रस्सा खारट आणि तुकडा आतून अळणी अशी गत होते. मिठाबरोबर अर्धा चमचा हळद आणि एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण लावावे. आणखी काही नको.

कच्ची पपई लावावी का?

लावू नये. पपईतले पपेन मांसाचे प्रथिन तोडते आणि ६०-७० अंशांच्या आसपास ते सर्वात जोमाने काम करते. मंद आचेवर मटण या तापमानातून बराच वेळ जात असते, तेवढ्यात तुकड्याचा बाहेरचा थर पिठूळ होतो आणि आतल्या पापुद्र्यांपर्यंत पपई पोहोचतही नाही. दही दोन चमचे चालेल.

आपण मटण आधी हळद-मिठात शिजवून घेतो आणि मग फोडणीत टाकतो. येथे आधी परतायला का सांगतात?

कोल्हापुरी घरांत मटण आधी शिजवून त्याचे अळणी, म्हणजे बिनमसाल्याचे, पाणी वेगळे काढतात, कारण त्या पाण्यावरच पांढरा आणि तांबडा दोन्ही रस्से उभे राहतात. ती पद्धत रश्श्याच्या दृष्टीने अचूक आहे. येथे रस्सा वेगळा निघत नाही. सगळी चव तुकड्यावर आणि त्याच्या तळाशी साठलेल्या थोड्या रसात राहायला हवी, म्हणून परतणे आधी येते.

मांसाचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर तापला की त्यातली प्रथिने आणि साखर यांच्यात क्रिया होऊन तो तपकिरी होतो आणि भाजल्याचा खमंग वास येतो. पाण्यात उकळणाऱ्या मटणाला हे कधीच साधत नाही, कारण पाणी असेपर्यंत तापमान उकळबिंदूच्या वर जात नाही. याच कारणाने परतण्याआधी तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावेत. ओले तुकडे आधी वाफाळतात आणि राखाडी होतात.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल चांगले तापवावे. एका वेळी पाच-सहा तुकडेच ठेवावेत आणि चरबीची बाजू आधी खाली ठेवावी. ठेवल्यानंतर ते हलवू नयेत. सुरुवातीला तुकडा बुडाला चिकटतो, ओढला तर सोडत नाही. तीन-चार मिनिटांनी तडतडण्याचा आवाज बारीक होतो, कडेने तपकिरी रेघ दिसू लागते आणि उलथन्याने हलकेच ढकलला तरी तुकडा आपोआप सुटतो. ही उलटायची वेळ. सगळ्या बाजू परतायला एकूण वीसेक मिनिटे लागतात. ही वीस मिनिटे वाचवण्याचा मोह टाळावा, कारण पुढे दोन तास शिजवूनही ही चव मागून आणता येत नाही. बुडाला जी तांबूस साय धरते ती खरवडून फेकू नये, कांद्याचे पाणी सुटले की ती आपोआप सुटते. ती काळी पडली असेल तर मात्र भांडे धुऊन पुढे जावे, नाहीतर सारा रस कडू होईल.

वाटण कोणते?

तीन मध्यम कांदे उभे चिरून त्याच पातेल्यात, मटण बाजूला काढून, गडद सोनेरी होईपर्यंत परतावेत. ४० ग्रॅम सुके खोबरे, एक चमचा तीळ आणि एक चमचा खसखस कोरडे भाजून, निम्म्या कांद्याबरोबर अगदी बारीक वाटावे. दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, आठ-दहा मिरी, एक मसाला वेलची आणि थोडे दगडफूल अख्खेच फोडणीत टाकावे. दोन तासांच्या शिजण्यात अख्ख्या मसाल्याची चव सावकाश उतरते, तर पूड केलेला मसाला तेवढ्या वेळात उग्र आणि किंचित कडवट होतो. घरची कांदा-लसूण चटणी दोन ते तीन चमचे. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली चटणी असेल तर तिच्यात खोबरे, तीळ आणि लसूण आधीच असतात, त्या बेताने वाटण कमी करावे.

मिरचीबाबत एक सूचना आहे. संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा आणि ब्याडगीचा रंग यांचा मेळ येथे चांगला बसतो, पण हा पदार्थ झणझणीत करण्याचा नाही. रस आटत जातो तसे तिखटही एकवटत जाते. सुरुवातीला बरोबर वाटणारे तिखट शेवटी जड होते. तांबड्याला वापरता त्याच्या निम्मी चटणी घालावी आणि शेवटी चाखून हवी तर वाढवावी.

पाणी किती घालावे?

मटण पुन्हा पातेल्यात रचल्यावर निम्म्या उंचीपर्यंत येईल इतकेच, म्हणजे ३०० ते ४०० मिलिलिटर, आणि तेही कडकडीत गरम. बहुतेक जण येथे चुकतात आणि भीतीपोटी लिटरभर पाणी ओततात. मग तो रस्सा होतो. चांगला होतो, पण तो वेगळा पदार्थ आहे. मटण स्वतःचेही बरेच पाणी सोडते, आणि झाकण घट्ट असेल तर ते पाणी भांड्यातच राहते.

झाकणावर पाणी ठेवण्याचा उपयोग काय?

आपल्या आज्या-पणज्यांनी घडवलेली ही युक्ती या पदार्थाचा कणा आहे. पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात तांब्याभर पाणी ओततात. आतली वाफ वर जाते आणि ताटाच्या तळाला टेकते. ताटात पाणी असल्याने तो तळ वाफेपेक्षा थंड राहतो, म्हणून वाफेचे थेंब होऊन ते पुन्हा मटणावर पडतात. परदेशी जाड लोखंडी भांड्यांच्या झाकणाला आतून मुद्दाम उंचवटे ठेवलेले असतात, ते याच कामासाठी. शिवाय रस कमी पडला तर ताटातले गरम पाणी हाताशी असते. शिजत्या मटणात गार पाणी घातले की आच मोडते आणि पुन्हा तापेपर्यंत वेळ वाया जातो. ताट आणि पातेल्याच्या काठात फट राहत असेल तर कणकेची वळी लावून ती बुजवावी. ताटातले पाणी तासाभरात निम्मे झाले तर आच जास्त आहे असे समजावे.

आच नेमकी किती मंद?

रसात दर दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा वर यावा, इतकी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. आपल्याला मटण ८५ ते ९५ अंशांत ठेवायचे आहे, म्हणजे उकळीच्या जरा अलीकडे. खळखळ उकळी आली तर कोलॅजेन थोडे लवकर विरघळते हे खरे, पण तंतू जोराने आखडतात, चरबी रसात घुसळली जाऊन तो गढूळ होतो आणि तुकडे एकमेकांवर आपटून फुटतात.

गॅसची लहान शेगडी बहुतेक वेळा सर्वांत मंद ठेवूनही जास्त होते. पातेल्याखाली जाड लोखंडी तवा ठेवल्यास आच पसरते आणि तळ लागत नाही. चुलीवर करणाऱ्यांनी जाळ ओढून निखाऱ्यांवर ठेवावे आणि एक-दोन निखारे ताटाच्या काठाशी टाकले तर अधिकच उत्तम. घरात ओव्हन असेल तर झाकणाचे भांडे १५० अंशांवर ठेवून निर्धास्त व्हावे. सगळीकडून सारखी उष्णता मिळत असल्याने ओव्हनमध्ये हा पदार्थ सर्वांत बिनचूक होतो, हे मान्य केले पाहिजे. चुलीचा वास मात्र त्याला येत नाही.

किती वेळ लागतो आणि झाले हे कसे कळते?

मध्यम वयाच्या बोकडाला पावणेदोन ते अडीच तास. घड्याळापेक्षा तुकड्याकडे बघावे. पहिल्या तासानंतर मटण सर्वांत टणक लागते. नवखे लोक याच वेळी घाबरतात आणि पाणी वाढवतात किंवा आच मोठी करतात. काही करू नये, झाकण पुन्हा ठेवावे. दीड तासानंतर बरगडीच्या टोकाचे हाड उघडे पडू लागते, कारण मांस आखडून मागे सरकलेले असते. हे टोक बोटाच्या पेराएवढे दिसले की हाड दोन बोटांत धरून हलकेच पिळावे. ते मांसात सैल फिरले, पण निसटून हातात आले नाही, की झाले. हाड आपोआप गळून पडण्याची वाट पाहणे मला पटत नाही, तोवर तंतूंचा चोथा झालेला असतो.

शिजल्यावर झाकण तसेच ठेवून अर्धा तास मुरू द्यावे.

कुकरमध्ये केले तर?

कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते, म्हणून कोलॅजेन ३०-४० मिनिटांत विरघळते. घाई असेल तेव्हा हे अगदी रास्त आहे. पण तुकडे आधी परतूनच घालावेत, पाणी एक वाटीपेक्षा जास्त नको, पहिली शिट्टी झाली की आच एकदम बारीक करावी आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतला रस एकदम उसळतो आणि मांस कोरडे पडते. नंतर झाकण उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटे रस आटवावा. चव जवळपास येते. तुकड्याचा आकार आणि रसाची चकाकी मात्र पातेल्यातल्यासारखी येत नाही, म्हणून हाताशी दुपार मोकळी असेल तर कुकर काढू नये.

वाइनऐवजी काय घालावे?

वाइनचे काम दोन प्रकारचे असते: आंबटपणा देणे आणि तळाची साय सोडवणे. दोन्ही कामे दोन पिकलेले टोमॅटो करतात. टोमॅटो नको असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांत चार-पाच आमसुले घालावीत. चिंच मला येथे जड वाटते. आंबट चवीला तोल म्हणून सुपारीएवढा गूळ घालण्यात काही गैर नाही, आपल्या भागातला गूळ चांगला आहेच. त्याने पदार्थ गोड होत नाही, रसाचा रंग खुलतो.

वर फार तवंग आला. काढावा का?

तांबड्यावर कट हवाच असतो, येथे तो निम्मा काढावा. बोकडाची आणि मेंढ्याची चरबी ४० अंशांच्या वरच्या तापमानाला वितळते, म्हणजे ताटात जरा निवले की ती टाळूला चिकटू लागते. थंडीत हे फार लवकर होते. काढलेला तवंग टाकू नये. दुसऱ्या दिवशी त्यात कांदा परतून झुणका करावा. वाढायची ताटे गरम पाण्यातून काढून पुसून घेतली तर शेवटच्या घासापर्यंत मटण नीट लागते.

याच मटणातून पांढरा रस्सा काढता येईल का?

याच भांड्यातून नाही. पण घेतलेल्या नळ्या आणि खाटकाने दिलेली सुटी हाडे वेगळ्या पातेल्यात आले-लसूण आणि मीठ घालून दीड तास उकळली, तर त्या पाण्यावर पांढरा सहज होतो: खसखस, तीळ आणि काजूचे बारीक वाटण, तुपात परतलेले अख्खे मसाले आणि सर्वांत शेवटी नारळाचे दूध. दूध घातल्यावर उकळी येऊ देऊ नये, नाहीतर ते फाटते. कोल्हापुरात पाहुण्यांना पांढऱ्याशिवाय मटण वाढणे अवघड, म्हणून ही सोय सांगितली.

रस पातळ राहिला किंवा मटण चिवट राहिले तर काय करावे?

रस पातळ असेल तर तुकडे ताटात काढून ठेवावेत आणि मोठ्या आचेवर एकटा रस आटवावा. चमच्याच्या पाठीवर त्याचा थर धरला की बस. पीठ लावून तो दाट करू नये. मटण चिवट असेल तर बहुतेक वेळा ते अजून शिजलेले नसते, अर्धा तास आणखी द्यावा. तुकडा चिवट नसून कोरडा व दोरीदोरी झाला असेल तर ते जास्त झाले आहे. त्याला मूळ रूपात आणता येत नाही. हाडे काढून मांस मोकळे करावे, आटवलेल्या रसात कालवावे आणि सुक्या मटणासारखे भाकरीबरोबर वाढावे.

आदल्या दिवशी करून ठेवले तर चालेल का?

उलट अधिक चांगले. रात्रभरात मसाला मुरतो, रसातले जिलेटिन गोठून त्याची थरथरती वडी होते आणि चरबी वर पांढऱ्या थराने जमते, ती हव्या त्या प्रमाणात उचलता येते. शिजल्यावर मात्र दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. थंडी आहे म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवू नये, कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वाढतात आणि आपली थंडी एवढी कडक कधीच नसते. मोठे पातेले लवकर निवण्यासाठी गार पाण्याच्या परातीत ठेवावे. गरम करताना मंद आचेवर झाकून, मधून उकळी येईपर्यंत तापवावे आणि लागेल तेवढेच बाहेर काढावे. पुन्हा पुन्हा गरम केलेले मटण तुटत जाते. मार्गशीर्षातले गुरुवार पाळणाऱ्या घरांत शनिवारी करून रविवारी वाढण्याचा बेत सोयीचा पडतो.

कशाबरोबर वाढावे?

ज्वारीची भाकरी, तव्यावरून थेट ताटात. रस दाट असल्याने तो भाकरीला धरतो, म्हणून भात मागाहून थोडाच लागतो. बाजूला कच्चा कांदा, लिंबू आणि मुळ्याची दह्यातली कोशिंबीर असावी. हिवाळ्यात मुळा ताजा आणि रसाळ मिळतो आणि मटणाच्या जडपणाला तो चांगला उतारा आहे. तळलेले काही सोबत ठेवू नये.

एक किलो किती जणांना पुरते? दुप्पट करायचे असेल तर?

बरगडीत हाडाचे वजन बरेच असते, म्हणून एक किलो तीन, फार तर चार माणसांना पुरते. दोन किलो करायचे असेल तर मीठ आणि वाटण दुप्पट करावे, पण पाणी दीडपटच. उंच पातेल्यापेक्षा पसरट भांडे घ्यावे, म्हणजे तुकड्यांची उंच चळत न होता ते दोनच थरांत बसतील. तासाभराने खालचे तुकडे वर आणि वरचे खाली करावेत. परतणे तेवढ्याच छोट्या घाण्यांत करावे. वेळ फारसा वाढत नाही, भांडे तापायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटे तेवढी धरावीत.